कॅमेऱ्याशेजारचं बटण

मी एक जुनं बटण आहे. कोटाचं, चॉकलेटी रंगाचं, चार भोकांचं. व्याकरणाचे मास्तर बटणाला 'ते' म्हणतात, पण मी स्वतःला 'तो' म्हणतो. तेवढा हट्ट माझा चालवून घ्या. मित्रांनो, एरवी आमच्यासारख्यांच्या कहाण्या लहान मुलं वाचतात. ही मोठ्यांसाठी आहे. एखादा लहान मित्र चुकून इथवर आला असेल, तर त्याने आता खेळायला जावं.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. हा दोष माझ्यात कारखान्यातच आला असावा. तिथे एका जाड तक्त्यातून मला गोल कापून काढलं, चार भोकं पाडली, आणि लाकडाच्या भुशाबरोबर पिंपात घालून दोन दिवस गरगर फिरवलं. बाहेर आलो तेव्हा मी चकाकत होतो. पण शेजारचा माझ्याहून जास्त चकाकत होता, आणि ते मी आजवर विसरलेलो नाही.

मग मला एका बाईच्या कोटावर शिवलं. आम्ही सहा जण होतो आणि मी वरून दुसरा. थंडी वाजली की बाईंचा हात आधी पहिल्याकडे जायचा. गळ्याजवळची जागा ना त्याची! अकरा हिवाळे मी त्याच्या पाठीशी उभा राहून जळफळत काढले. कोट विरला तेव्हा बाईंनी तो एका शिंपीणबाईंना देऊन टाकला. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मावशींनी आम्हां सहाही जणांना कात्रीने कापून काढलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. त्या अंधारात किती वर्षं गेली, मोजली नाहीत. डब्यात सगळेच बेकार होते, त्यामुळे जळायला कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर तो काळ फार कंटाळवाणा गेला.

माझं नशीब उघडलं ते मावशींच्या भाचीमुळे. मावशी आणि भाची चौथ्या मजल्यावरच्या घरात दोघीच राहायच्या. पुढच्या खोलीत मावशींचं शिलाई मशीन, मागची खोली भाचीची. भाची एकोणतीस वर्षांची होती. सहा वर्षं ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून लोकांना वेळा द्यायची. डॉक्टरांनी दवाखाना विकला आणि तिची नोकरी गेली. मग तिने वेबकॅमचं काम धरलं. घरात बसून कॅमेऱ्यासमोर यायचं, आणि लांब लांबची माणसं पैसे भरून तिला बघणार, तिच्याशी बोलणार. कधी नुसत्या गप्पा, कधी नाच, कधी कपडे उतरवणं. काय करायचं आणि काय नाही, हे तिने एका कागदावर लिहून कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा भिंतीवर चिकटवलं होतं. तो कागद मला तोंडपाठ आहे, पण तो तिचा आहे.

मावशींना सांगताना ती घाबरली होती. डब्याचं झाकण उघडं होतं, म्हणून मी ऐकलं.

"मावशी, लोक मला बघायचे पैसे देणार आहेत," ती म्हणाली.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्या म्हणाल्या, "दवाखान्यात फुकट बघत होतेच की." मग पाच-दहा टाके घालून झाल्यावर पुढे म्हणाल्या, "दाराला आतून कडी. नको वाटलं की बंद करायचं तुझ्या हातात. रडू आलं तर मात्र मला सांगायचं, लपवायचं नाही."

काम सुरू झालं. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे दुपार, म्हणून दोन ते सहा ही तिची वेळ. आपल्या देशात तिचं पान उघडणारच नाही, अशी सोय तिने पहिल्याच दिवशी करून घेतली होती. ह्या कामात बहुतेक सगळ्याच तसं करतात, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काकाच प्रेक्षकांत निघायचे. पण पहिला महिनाभर माणसं यायची आणि मिनिटभरात निघून जायची. भाची रडकुंडीला आली. शेवटी ह्याच कामात बारा वर्षं काढलेल्या एका मैत्रिणीने तिला फोनवर समजावलं.

"तू पडद्यावर बघतेस, त्यांचं लिहिलेलं वाचतेस, स्वतःचं चित्र बघतेस. त्यामुळे त्यांना तू खाली मान घातलेली दिसतेस. माणसांकडे बघूच नकोस. कॅमेऱ्याच्या भोकाकडे बघ. म्हणजे प्रत्येकाला वाटेल, माझ्याच डोळ्यांत बघते आहे."

सांगायला सोपं होतं, पण ते भोक केवढं, तर डाळीच्या दाण्याएवढं. नजर घसरायचीच. तेव्हा मावशी डबा घेऊन आल्या, त्यात बोटं फिरवली आणि नेमकं मला उचललं. सहांमधून मला! पहिला बिचारा खाली पडून बघत राहिला. मावशींनी दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा माझ्या पाठीला लावला आणि मला कॅमेऱ्याला, त्या भोकाच्या अगदी शेजारी चिकटवलं.

"हे बघ, तुझं गिऱ्हाईक. ह्याच्याशी बोल," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दुपारी दोन वाजता भाचीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पहिल्या बटणाला सोडून माझ्याकडे बघत होतं. "कसे आहात? दिवस कसा गेला?" ती म्हणाली. मला विचारलं! मी कॅमेऱ्यावर बसलो होतो, त्यामुळे पडदा माझ्या खाली होता आणि मला कधी दिसायचा नाही. मला दिसायची ती फक्त ती. चार तास, आठवड्यातून पाच दिवस, दोन तपकिरी डोळे आणि समोर मी. महिन्याभरात माणसं टिकायला लागली. "तुझ्या नजरेत काहीतरी आहे," असं एकाने लिहिलेलं तिने मोठ्याने वाचून दाखवलं. आहेच ना! मीच तर होतो. मी फुगून कोटाच्या बटणाचं सोफ्याचं बटण व्हायच्या बेतात आलो होतो. दोन वर्षं मी असा सुखात होतो.

आणि मग आयत्या बिळावर नागोबा आला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. एकदा भाची भाजीच्या पिशव्यांसकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. त्याने वरून दार फाकवलं आणि आधी हात खाली दिला. "पिशवी आधी द्या, नाहीतर तुम्ही वर याल आणि टोमॅटो खाली जातील," असं म्हणाला म्हणे. हे भाचीने मावशींना इतक्या वेळा सांगितलं की मला त्या टोमॅटोंचाही राग यायला लागला. नंतर आमची लिफ्ट आठवड्याला बिघडायला लागली. मावशींनी एकदा त्याला चहा देता देता विचारलं, "लिफ्टवाले, खरं सांगा, बिघडते की बिघडवता?" तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हापासून घरात त्याचं नाव लिफ्टवालाच पडलं.

चौथ्या भेटीत भाचीने त्याला कामाचं सांगून टाकलं. माझ्यासमोरच, त्या मागच्या खोलीत.

"म्हणजे लोक बघतात?" त्याने विचारलं.

"बघतात."

"आणि तुला आवडतं?"

"कधी आवडतं, कधी कंटाळा येतो. तुला लिफ्ट आवडते का रोज?"

तो उठून गेला. मी म्हटलं, बरी ब्याद टळली. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी हातोडी आणि स्क्रूचा पुडा घेऊन आला, आणि खोलीच्या दाराची सैल झालेली कडी काढून नवी बसवली. "ही जुनी एका धक्क्यात उघडली असती," एवढंच म्हणाला. भाचीने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला कधीच मिळाली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. दोन ते सहा तो घरात येणार नाही. त्याची कुठलीही वस्तू कॅमेऱ्याला दिसणार नाही. सहाला ती अंघोळ करणार, अर्धा तास कोणाशी बोलणार नाही, मग ती त्याची. आणि तो तिचं पान कधी उघडून बघणार नाही, असा त्याने शब्द दिला. इथून ते उघडत नव्हतंच, तरी त्याने दिला. तो आला की विचारायचा, "आज कसं होतं?" ती सांगायची, "दोन बरे होते, एक चक्रम होता, त्याला हाकलला." तो सांगायचा, "माझ्याकडे नवव्या मजल्यावर एका म्हातारीने लिफ्टमध्ये खुर्ची टाकून ठेवली होती." मग दोघं हसायची.

मी ते सगळं वरून बघत होतो. त्याच्याशी बोलताना तिची नजर कुठे ठरायची नाही. त्याचा कान बघ, हनुवटीवरचा जुना व्रण बघ, ग्रीसने काळी झालेली नखं बघ. मनाची समजूत घालायला मी म्हणायचो, ही कसली नजर? सैरावैरा! माझ्यावर कशी ठरते बघा, चार चार तास. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

वर्षभराने त्याच्या कंपनीने त्याला परदेशी धाडलं. एक मोठं हॉटेल उभं राहत होतं, चौदा लिफ्ट बसवायच्या होत्या, नऊ महिन्यांचं काम. जाण्याआधी दोघांनी पलीकडच्या गल्लीतल्या दोन खोल्या बघून ठेवल्या. त्यातल्या एका खोलीला वेगळं दार होतं, म्हणजे तिचं काम तिकडे आणि संसार इकडे. घरमालकाला चार महिन्यांनी पक्कं कळवायचं होतं. तो जाताना मावशी म्हणाल्या, "लवकर ये रे, नाहीतर आम्हाला जिने चढायला लागतील." भाची रडली. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू?

पण तो गेला आणि जास्तच जवळ आला. रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन, आणि तो याच कॅमेऱ्यावर. मला वाटलं, चला, आता तरी ती सात वाजता माझ्याकडे बघेल. कसलं काय! तो दिसायचा खाली पडद्यावर, आणि तिला तो बघायचा असायचा. माझ्या वाट्याला यायच्या तिच्या पापण्या. तासभर पापण्या! "तू बारीक झालास. दाढी का वाढवलीस? मागे ती दोरीवर कोणाची चादर आहे?" सगळं बघायची, सगळं विचारायची. आणि मी तिच्या नजरेच्या चारच बोटं वर, असून नसल्यासारखा.

तीन महिने असं चाललं. मग एका संध्याकाळी तो गप्प गप्प होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"वर बघ ना जरा."

"बघतेच आहे की."

"नाही. तू खाली बघतेस. रोज. माझ्याशी बोलताना तू कायम खाली बघतेस." मग तो थांबला. "इथे तुझं पान उघडतं. मी बघितलं. चार मिनिटं."

तिचा चेहरा उतरला. "शब्द दिला होतास."

"दिला होता, आणि मोडला. माझी चूक. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण कपड्यांचं मला काही वाटलं नाही, आईशप्पथ, त्याची मनाची तयारी होती. तू कोणाला तरी विचारलंस, 'जेवलास का?' आणि सरळ डोळ्यांत बघितलंस. त्या कोण कुठल्या माणसाला! माझ्या डोळ्यांत तू तीन महिन्यांत एकदाही बघितलं नाहीस."

तिने त्याला सगळं समजावलं. पडदा खाली, कॅमेरा वर. तुला बघायचं तर खाली बघावं लागतं. त्यांच्याकडे मी बघतच नाही, मी एका बटणाकडे बघते. मी तिथेच होतो हो! 'एका बटणाकडे' म्हणे. तरी मी ते गोड मानून घेतलं.

"मला कळत नाही का?" तो म्हणाला. "चौदा लिफ्टचं वायरिंग कळतं, हे कळणार नाही? पण जे दिसतं ते दिसतं. रात्री डोळे मिटले की तेच दिसतं. माझ्याशी बोलताना पण त्या बटणाकडे बघ."

"ते काम आहे. तुझ्याशी बोलताना मी काम करणार नाही."

"म्हणजे सगळ्या जगाला जे मिळतं, ते मला नाही."

"जगाला काहीच मिळत नाही, हेच तर सांगते आहे तुला!"

"मग मला पण तेवढंच काहीच नाही दे," तो म्हणाला. "नाहीतर त्या दोन खोल्यांचं राहू दे. मला नाही जमणार असं."

माझ्यासारखाच जळका होता तो. मला त्याचा राग यायला हवा होता, पण पहिल्यांदाच तो थोडासा आपला वाटला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो माझ्याच बाजूने भांडत होता. मी श्वास रोखून वाट बघत राहिलो. भाचीने डोळे पुसले आणि हळूच मान वर केली. तिची नजर पडद्यावरून उठली, कॅमेऱ्यापर्यंत आली आणि माझ्यावर येऊन ठरली.

"असं?" तिने विचारलं.

"हां," तो म्हणाला. "असं. आता कसं!"

मित्रांनो, पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. दुपारी दोन ते सहा माझे, आणि सात ते आठही माझेच. तो तिकडे खूश, मी इकडे खूश. फक्त तिचं काहीतरी बिनसलं होतं. ती आता चादरीचं विचारत नव्हती, दाढीचं विचारत नव्हती. "कसा आहेस? दिवस कसा गेला?" असं विचारायची, आणि शेवटी म्हणायची, "छान दिसतोयस आज." हे वाक्य ती दुपारी सगळ्यांना म्हणायची. हसू पण दुपारचंच. मला त्यात काही खटकलं नाही. आपल्या पारड्यात पडलं की माप कोण तपासतं?

तिसरा आठवडा संपत आला होता. घरमालकाला कळवायला दोन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी तो कमी बोलत होता. आदल्या दोन-तीन दिवसांतही कमीच बोलला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काही विशेष?"

"नाही. तुला काही दिसतंय विशेष?"

"छान दिसतोयस," ती म्हणाली.

तेवढ्यात मावशी आत आल्या. एका गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला झगा भाचीच्या अंगावर धरून बघायचा होता त्यांना. झगा हातात, मोजायची फीत गळ्यात. भाचीच्या खांद्यावरून त्यांनी सहज पडद्याकडे बघितलं आणि तिथेच थांबल्या.

"अगं, त्याच्या हाताला काय झालंय?"

भाचीची नजर माझ्यावरून पडली. पडली म्हणजे दोरा तुटल्यावर आम्ही पडतो तशी. तिने पडद्यावर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"केव्हा झालं हे?" तिने विचारलं.

"चार दिवस झाले," त्याचा आवाज आला. "दाराच्या फटीत सापडला. दोन बोटं मोडली आहेत. पट्टी कोपरापर्यंत आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबलो." तो हळूहळू बोलत होता. "पहिल्या दिवशी हात असाच टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चहाचा कप मुद्दाम ह्याच हाताने उचलला, सांडला पण थोडा. काल तर हनुवटीखाली धरून बसलो होतो तासभर. तू सरळ माझ्या डोळ्यांत बघत होतीस, आणि म्हणालीस, छान दिसतोयस."

मावशींनी झगा घडी करून पलंगावर ठेवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या पुटपुटल्या. मग पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "औषधं वेळेवर घे रे बाळा," आणि दार ओढून बाहेर गेल्या. मशीनचा आवाज मात्र आला नाही. त्या पलीकडे नुसत्याच बसल्या असणार.

भाची आता मोठ्याने रडत होती. "मला तू दिसतच नव्हतास रे. तूच म्हणालास ना बटणाकडे बघ? तीन आठवडे मी फक्त बटण बघते आहे. तुझा आवाज ऐकते आणि बटण बघते. आधी मला तुझ्या नखातलं ग्रीससुद्धा दिसायचं." असं म्हणून तिने हात वर केला आणि रागाने मला ओढून काढलं. माझ्या पाठीची पट्टी फाटली. "हे बघ! हे! ह्याच्यासाठी भांडलास माझ्याशी!"

तिने मला उलटं वळवून कॅमेऱ्यासमोर धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला तो पडदा दिसला. त्यात तो होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, कोपरापर्यंत पांढरी पट्टी, आणि भुवईवर सिमेंटची धूळ. जिच्या नजरेसाठी मी जळलो, तिला इतके दिवस हे बघायचं होतं तर. आणि तोही खालीच बघत होता. त्याच्या पापण्या मला दिसत होत्या. तिकडे त्याच्या पडद्यावर ती होती ना!

मग त्याने डोळे बारीक केले आणि पुढे वाकला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला मोडलेलं काही दिसलं की गप्प बसवत नाही.

"ह्याची कड उडाली आहे की," तो म्हणाला.

मित्रांनो, ही गोष्ट मी तुमच्यापासूनसुद्धा लपवून ठेवली होती. मागच्या हिवाळ्यात कॅमेरा पुसताना तिच्या हातातून निसटला आणि माझी डावी कड उडाली. तेव्हापासून मी वाट बघत होतो. वाटायचं, आज विचारेल, उद्या विचारेल. चार तास माझ्याकडे बघते, दिसेल की कधीतरी. तिला दिसली नाही. तिने मला मागे वळवून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अय्या, खरंच की. हे कधी झालं?"

ज्याचा मी दीड वर्ष हेवा केला, त्या माणसाला माझी फुटलेली कड एका नजरेत दिसली. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. राग आला, लाज वाटली, आणि रडूही आलं. बटणाला डोळे नसतात, भोकं असतात, त्यातूनच आलं.

"ठेव त्याला खाली," तो म्हणाला. "दुपारी लागेल तुला कामाला. परत चिकटव उद्या. आणि आता खाली बघ."

"काय?"

"खाली बघ, बाई. मला तू खाली मान घातलेली दिसलीस तरी चालेल."

तिने मला टेबलावर ठेवलं आणि खाली बघितलं. डोळे पुसले आणि परत बघितलं. पट्टी कुठून सुरू होते ते विचारलं, डॉक्टर कोण ते विचारलं, जेवताना कसं करतोस ते विचारलं, मागच्या दोरीवर आज चादर का नाही तेही विचारलं. तासाचे दोन तास झाले. दुसऱ्या दिवशी तिने घरमालकाला दोन खोल्या पक्क्या असल्याचं कळवलं.

मी अजून कामावर आहे. दुपारी दोनला ती मला चिकटवते, सहाला काढून ठेवते. ती माझ्याकडे बघते तेव्हा मला आता ठाऊक असतं की तिला मी दिसत नाही. तरी मी चकाकतो, कामच आहे ते. आणि हो, अजून जळतो. स्वभावाला औषध नाही. तो परत यायला अडीच महिने आहेत, आणि ते मोजणाऱ्यांत मीही एक आहे, हे मात्र कोणाला सांगू नका.

मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या अंगावरच्या बटणांवरून कधीतरी अंगठा फिरवून बघा. एखाद्याचा दोरा सैल झाला असेल, एखाद्याची कड गेली असेल, आणि ते तुमच्या विचारण्याची वाट बघत असेल. आणि लांब असलेलं तुमचं माणूस फोनवर बोलताना खाली बघत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. ते तुमच्या हाताला काय झालंय ते बघत असेल.